स्लोव्हेनियात निरोप कसा घ्यावा: नव्याने आलेल्यांसाठी

स्लोव्हेनियात शिकायला, नोकरीला किंवा जोडीदारासोबत राहायला आलेले आपले लोक 'दोबर दान', म्हणजे भेटतानाचा नमस्कार, आणि 'ह्वाला', म्हणजे धन्यवाद, हे दोन शब्द पहिल्या दोन दिवसांतच उचलतात. भेटीची वेळ निभावते. निघायच्या वेळी मात्र तोंडात शब्द येत नाही. मग कुणी नुसती मान हलवतं, कुणी 'बाय' म्हणून मोकळं होतं. त्यावरून इथे कुणी रागवत नाही. पण साधारण २१ लाख वस्तीच्या या देशात निघणाऱ्या माणसाला काहीतरी चांगलं चिंतून पाठवायची रीत अजून रोजच्या वापरात आहे, आणि त्यात सामील होता आलं की शेजारी, दुकानदार, सहकारी आपल्याशी वेगळ्या मोकळेपणाने बोलू लागतात.

या रीतीचं मर्म असं की शुभेच्छा माणसाच्या पुढच्या कामावर ठरते. तो कुठे निघालाय, काय करणार आहे, ते बघायचं आणि त्याला साजेसं बोलायचं. शब्दांची यादी पाठ करण्याआधी ही सवय लावून घ्या.

आधी थोडं उच्चाराबद्दल

मराठी माणसाला इथे आयता फायदा आहे. आपल्याकडे 'चाक'मधला च वेगळा आणि 'चहा'मधला च वेगळा. स्लोव्हेनियनमध्येही हे दोन्ही आहेत, फक्त त्यांची अक्षरं वेगळी. रोमन 'सी' साधा असेल तर 'चाक'मधला च, त्यावर उलटी टोपी असेल तर 'चहा'मधला. 'झेड'चंही तसंच. साधा असेल तर 'झाड' म्हणताना येतो त्याच्या जवळचा आवाज. टोपी असेल तर 'श' म्हणायला जीभ ठेवा आणि घशातून आवाज काढा. या लेखात दोन्हींसाठी 'झ'च लिहिलाय, त्यामुळे एखाद्या स्थानिक माणसाकडून एकदा ऐकून घ्या. रोमन 'जे' नेहमी 'य'. शब्दाच्या शेवटी 'व' आला तर तो 'उ'कडे झुकतो, म्हणून लिहितात 'चाव' आणि ऐकू येतं 'चाऊ'.

पायरी १: 'दोबर' आत जाताना, 'लेप' बाहेर पडताना

'दोबर दान' आणि 'लेप दान' या दोन्हींचा अर्थ आपल्याला 'शुभ दिवस' असाच लागतो, आणि घोळ तिथेच होतो. 'दोबर दान' फक्त भेटताना म्हणतात. निघताना म्हणायचं 'लेप दान', म्हणजे तुमचा दिवस छान जावो. संध्याकाळी तोच फरक: आत शिरताना 'दोबर वेचेर', निघताना 'लेप वेचेर'. 'लाहको नोच', म्हणजे शुभ रात्री, ही अगदी झोपायला जाण्याच्या वेळेची. रात्री नऊला उपाहारगृहातून बाहेर पडताना वेटरला 'लेप वेचेर' जास्त शोभतं.

'लेप'च्या पुढे वार किंवा वेळ जोडत गेलं की बरंच काम होतं. शुक्रवारी दुपारी ऑफिसातून निघताना 'लेप वीकेंद' सगळीकडे ऐकू येतं. भाषेच्या बाबतीत काटेकोर असणारे त्याऐवजी 'लेप कोनत्स तेद्ना' म्हणतात, दोन्ही चालतात. काही वार स्त्रीलिंगी आहेत, तिथे शेपूट बदलतं: बुधवारी 'लेपो स्रेदो', शनिवारी 'लेपो सोबोतो', रविवारसाठी 'लेपो नेदेल्यो'. यातला शेवटचा आधी शिका. २०२० साली झालेल्या कायद्यानंतर बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सामान घेऊन निघालात की गल्ल्यावरची बाई हमखास 'लेपो नेदेल्यो' म्हणते.

यावर उत्तर सोपं आहे: 'ह्वाला, एनाको', धन्यवाद, तुम्हालाही तसंच. फक्त जीभ सवयीने घसरू देऊ नका. तुम्ही आजारी असताना नर्सने 'हित्रो ओक्रेवान्ये', म्हणजे लवकर बरे व्हा, असं म्हटलं तर तिला 'तुम्हालाही' म्हणून चालणार नाही. तिथे नुसतं 'ह्वाला'.

पायरी २: समोर कोण आहे आणि किती जण आहेत

तू आणि तुम्ही हा भेद आपल्याला शिकवावा लागत नाही. इथे 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. अनोळखी माणूस, वयाने मोठे, डॉक्टर, सरकारी कचेरी, घरमालक, या सगळ्यांना 'वी'. तरुण सहकारी बहुधा पहिल्याच दिवशी 'ती'वर येतात. मोठ्यांच्या बाबतीत पुढाकार त्यांच्याकडे सोडा. एक दिवस ते स्वतःच विचारतील, 'से लाहको तीकावा?', म्हणजे आपण एकमेकांना तू म्हणायचं का? तोवर 'तुम्ही'च बरं.

निरोपात हा भेद क्रियापदात दिसतो. मित्राला 'लेपो से इमेय', मजेत राहा. घरमालकीणबाईंना 'लेपो से इमेयते', मजेत राहा तुम्ही. 'काळजी घे' हे 'पाझी नासे', 'काळजी घ्या' हे 'पाझीते नासे'.

आता खरी गंमत. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना द्विवचन, म्हणजे फक्त दोघांसाठीचं वेगळं रूप, आठवत असेल. मराठीतून ते गेलं. स्लोव्हेनियनमध्ये ते रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. समोर एक जोडपं असेल तर त्यांना 'इमेयते' म्हणायचं नाही, 'लेपो से इमेयता' म्हणायचं. तुम्ही आणि एक मैत्रीण, दोघीच परत भेटणार असाल तर 'से वीदिवा', भेटूच. तिघं किंवा जास्त असाल तर 'से वीदिमो'. 'पश्यावः, पश्यामः' घोकलेल्या माणसाला शेवटचा 'वा' आणि 'मो' लगेच ओळखीचे वाटतील, कारण या भाषांचं मूळ दूरवर एकच आहे. घाईच्या बोलण्यात दोघांतही 'से वीदिमो' कानावर येतं, त्यामुळे चुकलात तरी कुणी अडवणार नाही. पण परदेशी माणसाने द्विवचन बरोबर वापरलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. आपल्या भाषेची ही खूण त्यांना फार प्रिय आहे, आणि मला वाटतं ती शिकायला घेतलेले कष्ट सगळ्यात जास्त फळ देतात.

पायरी ३: साधे निरोप, आणि ते कुठे चालतात

'नस्वीदेन्ये' हा सगळीकडे चालणारा, आदराचा निरोप: पुन्हा भेटेपर्यंत. दुकान, बँक, शाळा, दवाखाना, कुठेही. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात शिरताना बसलेल्या सगळ्यांना मिळून 'दोबर दान' म्हणायचं आणि निघताना 'नस्वीदेन्ये', ओळख असो नसो. इमारतीच्या लिफ्टमध्येही तसंच. मुंबई-पुण्यात वाढलेल्याला अनोळखी लोकांच्या खोलीला नमस्कार करणं अवघड वाटतं, पण इथे गप्प राहणारा माणूस रागावलेला दिसतो.

'अदीयो' घरगुती. ज्यांना 'ती' म्हणता त्यांना बिनधास्त. 'चाओ' किंवा 'चाव' तरुणांत, राजधानी ल्युब्लियानात आणि समुद्राकडच्या पश्चिम भागात, जिथे इटली हाकेच्या अंतरावर आहे. 'झ्द्रावो' आपल्या नमस्कारासारखा दोन्ही वेळी चालतो, भेटतानाही आणि निघतानाही. लहान मुलांना हात हलवून 'पा-पा'.

'झ्बोगोम' मात्र जपून. शब्दकोशात त्याचा अर्थ निरोप असाच दिसेल, पण त्यात पुन्हा भेट नाही असा सूर आहे. नोकरी सोडून दुसऱ्या देशात कायमचं निघालेल्या मित्रालाही लोक तो सहसा म्हणत नाहीत.

पायरी ४: माणूस कुठे निघालाय ते बघा

इथून पुढे हा विषय मला सर्वांत जवळचा वाटतो.

'स्रेच्नो' या एका शब्दापासून सुरुवात करा. सुख आणि नशीब या दोन्ही अर्थांचा हा शब्द मूळ खाणकामगारांचा. झासाव्येच्या खोऱ्यातली त्र्बोव्ल्ये, ह्रास्त्निक आणि झागोर्ये ही कोळशाची गावं, वेलेन्येची लिग्नाइट या तपकिरी कोळशाची खाण, इद्रियाची पाऱ्याची खाण, या सगळ्या ठिकाणी जमिनीखाली उतरणाऱ्याला आणि वर येणाऱ्याला हाच शब्द. इद्रियात पारा १४९० साली सापडला आणि पुढची पाच शतकं तिथे खाण चालली. २०१२ पासून ती स्पेनच्या अल्मादेनबरोबर जागतिक वारसा यादीत आहे. आज तिथला अंतोनियेव रोव हा जुना बोगदा पर्यटकांसाठी खुला आहे. आत उतरताना तुम्हीही 'स्रेच्नो' म्हणा. वेलेन्येत दर जुलैमध्ये, खाणकामगार दिनाच्या सुमारास, नवे कामगार चामड्यावरून उडी मारून या बिरादरीत सामील होतात, तिथेही हा शब्द घुमतो. झासाव्येतल्या खाणी थांबल्या तरी तिथली माणसं रस्त्यात भेटली की अजून 'स्रेच्नो'च म्हणतात.

खाणीबाहेर हा शब्द देशभर पसरला आहे. परीक्षेला, मुलाखतीला, शस्त्रक्रियेला जाणाऱ्याला 'स्रेच्नो'. सोबत 'द्र्झीम पेस्ती' म्हणून अंगठा आत घेऊन मूठ आवळून दाखवतात, म्हणजे तुझ्यासाठी मनापासून आस लावून आहे. प्रवासाला निघालेल्याला 'स्रेच्नो पोत', सुखाचा प्रवास. नवीन वर्षाला 'स्रेच्नो नोवो लेतो'. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत तर नुसतं 'स्रेच्नो' म्हटलं तरी सगळं पोचतं.

डोंगरात जाल तेव्हा वेगळं. इथे शनिवार-रविवारी अर्धं गाव डोंगरात असतं आणि त्रिग्लाव हे २८६४ मीटरचं शिखर राष्ट्रध्वजावरच्या चिन्हातही आहे. पायवाटेवर समोरून येणाऱ्या प्रत्येकाशी एक शब्द बोलायचा. आणि हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना 'ती' म्हणतात, मग समोर प्राध्यापक असोत की आजोबा, असा जुना संकेत आहे. वाट वेगळी होताना गिर्यारोहक म्हणतात 'वारन कोराक', पाऊल सुरक्षित पडो. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना हा निरोप समजावून सांगायला नको.

अग्निशमन दलाचा स्वतःचा शब्द आहे: 'ना पोमोच!', मदतीला! भेटतानाही तोच, निघतानाही तोच, पत्राच्या शेवटीही तोच. बहुतेक गावांत स्वयंसेवी दल असतं. पहिलं १८६९ साली मेत्लिका गावात उभं राहिलं. उन्हाळ्यात ही दलं गावजेवण आणि नाचगाण्याची 'वेसेलित्सा' भरवतात. तुमचा शेजारी दलात असेल आणि त्याने तुम्हाला बोलावलं, तर निघताना एकदा 'ना पोमोच' म्हणून बघा.

मधमाश्या पाळणारे एकमेकांना म्हणतात 'नाय मेदी', मध भरभरून येवो. हा देश मधमाश्यांच्या बाबतीत फार हळवा आहे. जागतिक मधमाशी दिन २० मे ला असतो तो अंतोन यान्शा या अठराव्या शतकातल्या मधपाळाच्या आठवणीत, आणि संयुक्त राष्ट्रांत तो प्रस्ताव स्लोव्हेनियानेच मांडला होता. आठवडी बाजारात मधवाल्याकडून बाटली घेऊन निघताना 'नाय मेदी' म्हणालात तर पुढच्या वेळी तो तुम्हाला नक्की ओळखेल. शिकारी म्हणतात 'दोबर पोग्लेद', नजर चांगली लागो. गळ टाकणारे म्हणतात 'दोबर प्रीयेम', मासा चांगला लागो. होडीवाल्यांना 'मीर्नो मोर्ये', समुद्र शांत राहो. हे सगळे पाठ करायची गरज नाही. तुमच्या ओळखीत यातलं कुणी असेल त्याचा तेवढा शिका.

पायरी ५: घरी बोलावलं असेल तर

जाताना कॉफीचं पाकीट, चॉकलेट किंवा वाइन न्या. दारात बूट काढायचे हे आपल्याला सांगायला नको. यजमान घालायला सपाता देतात, त्यांना म्हणतात 'त्सोपाती'. त्या घालाच, नको नको म्हणू नका.

निघण्याची सुरुवात बसल्या जागेवरून करायची. अचानक उठून दाराकडे जाणं तुटक वाटतं. पुरुषाने म्हणायचं 'पोचासी बोम शउ', बाईने 'पोचासी बोम श्ला': हळूहळू निघेन म्हणतो, म्हणते. लिंगाचा गोंधळ होत असेल तर 'मोराम इती', मला निघायला हवं, हे दोघांनाही चालतं. यावर यजमान विचारतात 'आ झे ग्रेस्ते?', निघालात एवढ्यात? हा प्रेमाचा आग्रह आहे. आणखी थोडा वेळ बसलात तरी चालतं, नाही बसलात तरी चालतं.

इथे मराठी माणसासाठी एक खास सूचना. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि तीच सवय नव्या भाषेत शिरते. स्लोव्हेनियनमध्ये 'प्रीदेम' म्हणजे खरोखरच 'मी येतोय'. दारात उभं राहून 'प्रीदेम' म्हणालात तर यजमान गोंधळतील, गाडीतून काही आणायला निघालात का असं विचारतील. इथे 'ग्रेम', म्हणजे जातो, असं सरळ म्हणण्यात काहीही अशुभ नाही. घरच्या वडीलधाऱ्यांचा संस्कार मनात ठेवायचाच असेल तर त्याला जोडून 'से वीदिमो' म्हणा. परत येण्याचं वचन त्यात येतं.

मग आभार: 'ह्वाला झा पोवाबीलो', बोलावल्याबद्दल, आणि 'बिलो ये झेलो लेपो', फार छान वाटलं. यजमान 'ह्वाला झा ओबीस्क' म्हणतात, आल्याबद्दल आभार, आणि 'प्रीदिते शे काय', पुन्हा या. बूट घालता घालता दारातल्या गप्पा सुरू होतात. त्या आपल्याकडच्याइतक्याच लांबतात, घाई करू नका. बरेचदा हातात 'पोतीत्सा' या अक्रोडाच्या गुंडाळीच्या पावाचा तुकडा, बागेतली भाजी किंवा मुरंब्याची बरणी येते. घ्या. बरणी परत करायला विसरू नका.

शेवटी 'पोझ्द्रावीते दोमा', घरच्यांना नमस्कार सांगा. याला उत्तर 'ह्वाला, बोम', सांगेन. घरचे नाशिकला किंवा सांगलीला असले तरी 'सांगेन' म्हणा आणि रविवारच्या फोनवर खरंच सांगा. पुढच्या भेटीत 'आईनेही तुम्हाला नमस्कार सांगितलाय' असं म्हणता आलं की नातं एकदम पुढे सरकतं.

हस्तांदोलन पहिल्या भेटीत आणि औपचारिक निरोपात ठरलेलं, डोळ्यांत बघून. मिठी किंवा गालाला गाल लावणं जवळच्यांत. समोरचा काय करतो ते बघून तसं करा.

दुःखाच्या प्रसंगी

कुणाच्या घरी मृत्यू झाला तर हात हातात घेऊन 'ईस्क्रेनो सोझाल्ये' एवढंच म्हणावं, मनापासून सांत्वन. उत्तर 'ह्वाला'. त्यानंतर सवयीने 'लेप दान' निघू देऊ नका. हळू आवाजात 'नस्वीदेन्ये' पुरे.

अंत्यविधीआधी मृतदेह किंवा अस्थिकलश निरोपाच्या छोट्या दालनात ठेवतात आणि लोक तिथे येऊन भेटून जातात. ल्युब्लियानाच्या झाले स्मशानभूमीत वास्तुविशारद योझे प्लेच्निक यांनी १९३८ ते १९४० या काळात अशा दालनांचं एक आवारच उभारलं. एका मोठ्या इमारतीऐवजी त्यांनी बागेत छोटी छोटी, एकमेकांपासून वेगळी मंदिरं बांधली, शहरातल्या वेगवेगळ्या चर्चपरिसरांच्या संतांच्या नावाने. प्लेच्निक यांच्या ल्युब्लियानातल्या कामांसोबत हे आवार २०२१ साली जागतिक वारसा यादीत गेलं. सहकाऱ्याच्या घरच्या प्रसंगी तिथे जावं लागलं तर गडद कपडे घाला आणि लोक रांगेने पुढे जातात तसे जा. १ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस, त्या दिवशी सुट्टी असते. त्याआधीच्या दिवसांत सहकारी मेणबत्त्या आणि शेवंतीची फुलं घेऊन गावाकडे निघालेले दिसतील. त्यांना आनंदी सुट्टीच्या शुभेच्छा देऊ नका, 'स्रेच्नो पोत' म्हणा.

फोन आणि ईमेल

फोन ठेवताना भेटीचे शब्द ऐकण्यात बदलतात: ओळखीत 'से स्लीशिमो', औपचारिक बोलण्यात 'ना स्लीशान्ये'. त्यानंतर 'अदीयो, अदीयो, चाव, चाव' अशी माळ लागते. पहिल्या 'अदीयो'ला फोन ठेवू नका.

ईमेलच्या शेवटी 'लेप पोझ्द्राव' लिहितात, आणि सहकाऱ्यांत त्याची दोनच अक्षरं उरतात, 'एल' आणि 'पी'. कचेरीला किंवा विद्यापीठाला लिहिताना ती दोन अक्षरं टाळा, पूर्ण 'लेप पोझ्द्राव' लिहा. अर्ज, तक्रार, वरिष्ठांना पहिलं पत्र असेल तर 'स स्पोश्तोवान्येम', आदरपूर्वक. इंग्रजीच्या सवयीने त्यापुढे स्वल्पविराम द्यावासा वाटतो. स्लोव्हेनियनमध्ये तो देत नाहीत. शब्द लिहायचे, खालच्या ओळीवर जायचं आणि नाव लिहायचं.